‘कुणीतरी’ म्हणू नकोस

हे मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी मोबाईलवर लिहिते आहे. उजव्या हाताला अजून पेन धरवत नाही. घाई एवढ्यासाठी की या क्षणी कुठल्यातरी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासारखीच एखादी स्ट्रेचरवर पडलेली असेल. तिचे पाय हलत नसतील आणि येणारा-जाणारा तिला ‘धीर धर’ म्हणत असेल. धीराबद्दल मला काही सांगता येणार नाही. माझ्याकडे तो नव्हता. मला एक सल्ला मिळाला होता. तो ज्या बाईने दिला, तिच्याबद्दलही सांगायचं आहे.

आजारी माणसाला सल्ल्यांची कमी नसते. मला पपईच्या पानांचा रस प्यायला सांगितलं, दक्षिणेकडे डोकं करू नको म्हणून सांगितलं, राग सोड म्हणूनही सांगितलं. ‘सकारात्मक राहा’ हे तर इतक्यांनी सांगितलं की मान हलत असती तर मी तोंड फिरवलं असतं. हा सल्ला मात्र फरशी पुसता पुसता दिलेला होता, आणि त्याने माझा जीव वाचवला.

पत्रकांचं घर

माझे बाबा लोणंदच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखाना कधीच बंद पडला. तिथे आता फ्लेक्सचं मशीन आहे. बाबांचा पत्रकांचा नाद मात्र सुटला नाही. पाणी, रेशन, शाळेचे दाखले, स्मशानभूमीचा रस्ता, अशा कशावरही आमच्या घरी पत्रक निघायचं. मी वाचायला शिकले ते पत्रकांच्या घड्या घालताना. आई अंगणवाडीत मदतनीस. तीही घड्या घालायची, पण मजकुराबद्दल कधी बोलायची नाही.

बाबांचे दोन नियम होते. एक, विनंती करायची नाही, मागणी करायची. दुसरा, कुणा माणसाचं नाव घ्यायचं नाही. माणसं बदलतात, व्यवस्था तीच राहते, म्हणून बोट व्यवस्थेवर ठेवायचं. सातवीत मी सहलीच्या अर्जातलं ‘नम्र विनंती’ खोडून ‘मागणी’ लिहिलं. गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बाबांनी त्या संध्याकाळी मला जिलेबी आणली.

आजाराच्या आदल्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. मथळा होता, ‘दवाखान्यात चिठ्ठी नको, रांग हवी’. पुढाऱ्याची चिठ्ठी किंवा फोन आला की खाट मिळते आणि ज्याला फोन नाही तो जमिनीवर झोपतो, असं मी त्यात लिहिलं होतं. बाजारच्या दिवशी मी ते स्वतः वाटलं. आजही त्यातल्या एकाही ओळीबद्दल माझा विचार बदललेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी बदलले.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. मी जिना उतरून खाली आले आणि आई म्हणाली, “एक चप्पल कुठं टाकलीस?” डावी चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती. ती पायातून कधी निघाली ते मला कळलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संडासात बसले ती उठताच येईना. आईने काखेत हात घालून मला उचललं. मी सव्वीस वर्षांची होते. मी रडले नाही, आईवर ओरडले, “हळू!” ती म्हणाली, “हळूच धरलंय बाय.”

साताऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं. पाय जागचे हलले नाहीत. मग ते म्हणाले, “मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे म्हण.” मी सव्वीसपर्यंत पोचले. आजाराचं नाव परदेशी होतं. बाबांनी ते तीनदा विचारून लिहून घेतलं. मला एवढंच कळलं की शरीर आपल्याच नसांवर उठलं आहे आणि ते पायांकडून वर वर येत आहे. “छातीपर्यंत आलं तर श्वासाचं मशीन लावावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “आजच मिरजेला न्या. वाटेत आकडे मोजत राहा. पंधराच्या खाली आला तर लगेच सांगा.”

शेजारचे शंकरकाका आमच्याबरोबर आले होते. रुग्णवाहिकेत मला चढवताना त्यांनी मोबाईल काढला. “एक फोन टाकतो. पुतण्या सायबांच्याच हापिसात हाय. गेल्या गेल्या खाट.”

मी म्हणाले, “नको, काका.”

“आगं पोरी, हे पत्रक न्हवं. जीव हाय तुझा.”

“रांगेत जे आहेत त्यांचाही जीवच आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला अभिमान मला आजही आठवतो. लहानपणापासून मी त्याच नजरेसाठी लिहीत आले होते. आईने दोघांकडेही पाहिलं नाही. माझे पाय स्ट्रेचरवरून घसरत होते, ते ती सरळ करत होती.

व्हरांडा

मिरजेला पोचलो तेव्हा आकडा एकोणीस होता. तरुण डॉक्टरने मला तपासलं, कागदावर लिहिलं आणि सांगितलं की आत एकही खाट रिकामी नाही, झाली की घेऊ. तो खोटं बोलत नव्हता. मी व्हरांड्यात स्ट्रेचरवर राहिले. साडेबारा वाजले होते.

एक वाजता सतरा. आमच्यानंतर एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाच्या कानाला फोन होता आणि तो ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत होता. ते सरळ आत गेले. बाबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

दोन वाजता पाळी बदलली. सकाळचे लोक गेले, नवे आले. आकडा तेरा. तेरा म्हणून मी थांबले आणि चौदा म्हणायला हवा शिल्लकच राहिली नाही. ती भीती कशी असते, सांगते. आपण बुडत असतो, पण पाणी कुणाला दिसत नाही.

“बाबा, कुणीतरी बोलवा,” मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता.

बाबा व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांच्या सभेतल्या आवाजात म्हणाले, “इथे जबाबदार कोण आहे? एक तरुण मुलगी तडफडते आहे! प्रशासनाने याची तातडीने दखल घ्यावी!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. दोघांनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. शिपाई म्हणाला, “आवाज करू नका, हॉस्पिटल आहे.” बाबा पुन्हा म्हणाले, “कुणीतरी लक्ष द्या!” आणि त्यांचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना घाबरलेलं पाहिलं.

फरशी पुसणारी एक मावशी आमच्यापाशी येऊन थांबली. तिने ठेकेदाराचं निळं जॅकेट घातलं होतं आणि तिच्या बोलण्यात जतकडचा हेल होता.

“आवं दादा, भाषन कुनाला करतायसा? भिंतीला?” ती म्हणाली. “कुनीतरी म्हनलं की कुनी येत न्हाई. परत्येकाला वाटतंय, दुसऱ्याला सांगितलंय. नाव घ्या. आन् एकच काम सांगा.”

“कुणाचं नाव?”

“ती बघा, काउंटरमागं, हिरवी फाईल घेतल्याली. सुवर्णा सिस्टर. तिची डूटी आत्ता लागली. तिला तुमचं कायबी ठाव न्हाई.”

बाबांनी चष्मा पुसला. आणि यावर माझा विश्वास बसत नाही, पण ते खरंच म्हणाले, “असं एका व्यक्तीला लक्ष्य करणं बरोबर नाही. आमची तक्रार व्यवस्थेविरुद्ध आहे.”

मावशीने पोचा बादलीत बुडवला. “येवस्था जेवाय गेलीया,” ती म्हणाली. “सुवर्णा सिस्टर हाय.”

मग ती माझ्यावर वाकली. “कितीवर आलंय गं?” आम्ही मोजत होतो ते तिने ऐकलं असावं. मी बोटांनी दाखवायला गेले, पण बोटं उचलली नाहीत. “अकरा,” मी म्हणाले.

बाबा अजूनही उभेच होते. मावशी त्यांना म्हणाली, “छातीवरची नावाची पट्टी मला वाचता येत न्हाई दादा, पर नावं समद्यांची पाठ हायत. चुकायची न्हाई मी. जावा.”

आणि बाबा गेले. काउंटरला हात टेकून, सभेतला नाही असा आवाज काढून ते म्हणाले, “सुवर्णा सिस्टर, माझ्या मुलीला एका दमात अकराच्या पुढे मोजता येत नाही. तुम्ही एकदा येऊन पाहाल का?”

ती विनंती होती. माझ्या बाबांच्या तोंडून मी ऐकलेली पहिली. सुवर्णा सिस्टर फाईल ठेवून चालत आली. मला मोजायला सांगितलं. मी नऊवर अडकले. मग ती धावली.

खाट रिकामी झाली नव्हती. त्यांनी आतल्याच दोन खाटा सरकवून जागा केली. कुणाची खाट हिसकावली गेली नाही, कुणाचा फोन आला नाही. एवढंच सोपं होतं, आणि एवढ्यासाठी मी दोन तास मरायला टेकले होते. चिठ्ठी नको म्हटलं हे बरोबर होतं. पण चिठ्ठी आणि मुकाट्याने पडून राहणं यांच्या मधे आणखी एक वाट असते, ती आमच्या एकाही पत्रकात नव्हती.

एकोणीस दिवस

मला श्वासाचं मशीन लावलं. त्याच्या नळीमुळे बोलता येत नाही. हातपाय गेलेले, आवाज गेलेला. डोळे तेवढे माझे होते. आत मेंदू लख्ख जागा. कपाळावर माशी बसली की ती उठेपर्यंत वाट पाहायची. लाळ गळली की ती गळ्यापर्यंत जाताना कळायची. पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता हेही कुणाला सांगायचं, आणि सांगायचं कसं. त्याच मावशीच्या ते लक्षात आलं. तिने पडदा ओढला, सगळं बदललं आणि कुणाला कळू दिलं नाही. असहाय हा शब्द मी पत्रकांत कितीदा वापरला असेल. तो शब्द मी कुठूनतरी उचललेला होता.

बाबांनी एक तक्ता केला. जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी अक्षरं लिहिली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवणार आणि मी पापणी मिटणार. पण अक्षरं त्यांनी क ख ग अशी लिहिलीच नव्हती. छापखान्यात खिळ्यांच्या घरांची जशी मांडणी असते तशी लिहिली होती, जास्त लागणारी मधे आणि कमी लागणारी कडेला. त्यांच्या हाताला तीच सवय होती. माझं बालपण त्या घरांपाशी गेलेलं, म्हणून मला ती कळली. दुसऱ्या कुणालाच कळली नाही. आई बिचारी ‘प’ शोधत बसायची आणि तेवढ्यात भेटायची वेळ संपायची.

पहिलं वाक्य जुळवायला आम्हाला पाऊण तास लागला. वाक्य होतं, ‘भेटीची वेळ अपुरी’. बाबांचे डोळे भरून आले. “मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले.

आई म्हणाली, “मुद्दा ऱ्हाऊ दे. पाठ अवघडलीया का, ते इचारा.”

पाठ जळत होती. ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

पुढे आईने तक्ता सोडला. ती माझ्या अंगाची एकेक जागा नाव घेऊन विचारायची. “मान? पाठ? डावा पाय? उजवा?” मी पापणी मिटली की तिथे हात ठेवायची. चार सेकंदांत काम. बाबांना ते फार साधं वाटायचं.

एका सकाळी मी छताकडे पाहत रडत होते. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं. मावशी खाटेखालची फरशी पुसत होती. ती उठली आणि म्हणाली, “छताकडं बघून रडलीस तर छत खाली येनार हाय व्हय? ज्याच्याकडनं काम हाय त्याच्याकडं बघ. माझ्याकडं काम असंल तर माझ्याकडं बघ. सिस्टरकडं असंल तर तिच्याकडं. डोळ्यानंबी नाव घेता येतं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदराने माझे कान पुसले.

तेव्हापासून मी छत सोडलं. सुवर्णा सिस्टर आत आली की तिच्यावर नजर रोखायची आणि ती वळेपर्यंत सोडायची नाही. ती म्हणायची, “आली बाई, आली. काय टक लावतेस, जावई शोधतीयेस का माझ्यासाठी?” मला हसता येत नव्हतं. आतल्या आत हसले की मशीन वाजायचं.

बरी होत असतानाचा काळ सुंदर असतो असं कुणी लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका. तो कंटाळवाणा, दुखरा आणि लाजिरवाणा असतो. विसाव्या दिवशी नळीतून मोकळी झाले. आवाज फाटका होता. पहिलं वाक्य काय बोलायचं याचे मी कितीतरी मसुदे केले होते. प्रत्यक्षात म्हणाले, “सुवर्णा सिस्टर, पाणी.” तिने कापूस भिजवून ओठांना लावला. त्याच्याइतकं गोड मी काही प्यालेले नाही.

काही लागलं तर सांगा

घरी आले ती चाकाच्या खुर्चीवरून. भेटायला येणारा प्रत्येकजण जाताना म्हणायचा, “काही लागलं तर सांगा बरं का.” बाबा म्हणायचे, “नाही नाही, सगळं व्यवस्थित आहे.” व्यवस्थित काहीच नव्हतं. आईची कंबर गेली होती. मला उचलून उचलून तिला रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. ती बोलत नव्हती, आणि आम्ही दोघं शब्दांवर जगणारी माणसं, आम्ही विचारत नव्हतो.

शंकरकाका आले. तेही म्हणाले, “काय लागलं तर सांगा.” बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “शंकरकाका, दर गुरुवारी तीन वाजता मला उचलून अंगणात बसवाल?”

ते गडबडले. मग म्हणाले, “एवढंच व्हय?”

“एवढंच.”

“तवा फोन टाकू दिला असतास तर...”

“फोन नको काका. उचला.”

ते दर गुरुवारी आले. पुढे पुढे मंगळवारीही. येताना कधी पेरू, कधी नुसता टोमणा. “चला बाईसाहेब, तुमची मागणी मान्य झाली.” बाबा त्या वेळी आत जाऊन बसायचे. मुलीला दुसऱ्याने उचलावं याची त्यांना लाज वाटायची. मलाही वाटायची. लाज गेली नाही. आईची कंबर मात्र थोडी सुधारली.

रिकामी जागा

आठ महिन्यांनी तपासणीसाठी मिरजेला गेलो. मी वॉकर धरून त्याच व्हरांड्यातून चालले. पिशवीत एका नव्या पत्रकाचा मसुदा होता. ठेक्यावरच्या सफाई कामगार बायकांना कायम करा, अशी मागणी होती. नियम मोडून मी त्यात एका माणसाचं नाव घालणार होते. बाबांनी त्यासाठी जागा रिकामी सोडली होती.

तिथे पोचल्यावर मला उमगलं की ते नाव मला माहीतच नाही. मी तिला मावशी म्हणत होते. एकोणीस दिवस तिने माझं अंग पुसलं, मला नावाने हाक मारायला शिकवलं, आणि मी तिला तिचं नाव विचारलं नाही.

सुवर्णा सिस्टरने मला मिठी मारली. मी विचारलं. ती म्हणाली, “कुठली मावशी गं? आम्ही सगळ्यांनाच मावशी म्हणतो. आणि गेल्या महिन्यात ठेका बदलला. जुन्या बायका सगळ्या गेल्या.”

“त्यांची यादी असेल ना?”

कार्यालयात विचारलं. यादी ठेकेदाराकडे. ठेकेदार गेलेला. नावाची पट्टी त्या बायकांना कधी दिलीच नव्हती.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. आईने डबा उघडला. “काय शोधत व्हतीस तिथं?”

मी सांगितलं.

“म्हादेवी,” आई म्हणाली.

“काय?”

“तिचं नाव म्हादेवी. जतच्या पल्याडची. घरात कानडी बोलत्यात. पहिल्याच दिशी इचारलं मी. तू आत व्हतीस, आमी दोघी बाकावर बसून भाकरी खाल्ली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं कवा?” आई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. “तुमी दोघं त्या तक्त्यावर अक्षरं हुडकत व्हता.”

बाबा समोर बसले होते. त्यांनी पिशवीतला मसुदा काढला आणि ते पेन शोधू लागले. मी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मोबाईल नंबर विचारला. आईला ठाऊक नव्हतं. “भेटंल रोज, असं वाटत व्हतं,” ती म्हणाली.

पत्रकातली जागा आता भरली आहे. त्याने काही झालेलं नाही. जतकडे मी तीन ओळखीच्यांना, तिघांनाही नाव घेऊन, एकेकच काम सांगितलं. महादेवी नावाच्या बायका तिकडे गावोगाव आहेत, असं तिघांनी कळवलं. आणि हे लिखाण तिच्या हातात पडलं, तरी तिला वाचता येत नाही. कुणीतरी तिला हे वाचून दाखवा, असं लिहायला बोट उचललं होतं. पण ‘कुणीतरी’ येत नाही, हे तिनेच सांगितलेलं आहे.

म्हणून तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. तुमच्या व्हरांड्यात तुमची सुवर्णा सिस्टर कोण आहे ते बघा, आणि पोचा घेऊन जी बाई शेजारून जाते तिला आजच्या आज नाव विचारा.

महादेवी मावशी, आज सकाळी एका दमात एकतीस झाले.